माझी अक्कलदाढ, मुनाफच्या सामानात

माझ्या तोंडातली एकमेव निरोगी दाढ मी बहात्तराव्या वर्षी स्वतःच्या पायांनी चालत जाऊन उपटून घेतली. कोणी जबरदस्ती केली नव्हती. मी शुद्धीवर होते, सही माझीच होती, आणि दाढ कधी दुखलीही नव्हती. दुखत होतं ते बाकी सगळं.

हिरड्यांचं दुखणं हे मोठं हलकट दुखणं आहे. गुडघा दुखला तर माणसं उठून जागा देतात. हिरड्या सुजल्या तर कोणी विचारत नाही, आणि आपण सांगायला गेलो तर समोरचा अर्धं पाऊल मागे सरतो. सकाळी बेसिनमध्ये रक्त, दिवसभर तोंडाला लोखंडाची चव, आणि खालचे पुढचे चार दात असे हलायचे की जीभ लागली तरी माझा जीव घाबरा व्हायचा. इथे आखातात, हूऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टर कस्तुरी म्हणून एक पुण्याची मुलगी आहे. तिने फोटो काढला आणि दिव्यासमोर धरला.

"मावशी, हिरडीखालचं हाड झिजलंय," ती म्हणाली. "हे चार दात उभे आहेत ते केवळ सवयीने."

मी म्हटलं, "आमच्या घरात सगळेच तसे उभे आहेत. पण हे चार मला हवेत."

का हवेत, ते सांगते. खाण्यासाठी नाही. खाण्यावरचं मन केव्हाच उडालंय. माझी मोठी बहीण रुकय्याआपा कोकणात, बाणकोटला असते. तिला ऐकू येणं बंद होऊन पाच वर्षं झाली. कानाचं यंत्र इथून पाठवलं होतं, ते शिट्ट्या मारतं म्हणून तिने बिस्किटांच्या डब्यात घालून ठेवलंय. पण रोज सकाळी अकरा वाजता तिचा नातू उबेद फोन धरतो, मी पडद्यावर येते आणि हळूहळू बोलते. आपा माझ्या ओठांवरून वाचते. दुसऱ्या कोणाचे ओठ तिला वाचता येत नाहीत, पोटच्या पोरांचेसुद्धा नाहीत. ते भरभर बोलतात, आणि त्यांना मिशा आहेत. म्हणजे जगात आपाशी बोलू शकणारी मी एकटी. दात गेले, ओठ आत बसले, की तेही खलास. मग तिला कोण सांगणार?

पूर्वी हे सगळं सोपं होतं असं मला वाटतं, आणि ते खोटं असणार. एकोणऐंशी साली मी हूऱ्यात आले तेव्हा आमच्या गल्लीच्या टोकाला समुद्र होता. आता तो भराव टाकून इतका लांब नेलाय की बघायला टॅक्सी करावी लागते. तेव्हा आम्ही दोघी एकमेकींना कॅसेट भरून पाठवायचो. तासाची कॅसेट, दोन्ही बाजू. आपाच्या कॅसेटमध्ये मागे कोंबडा आरवायचा, भांडी वाजायची, आणि मध्येच ती म्हणायची, "थांब गो, दूध उतू चाललं." मग पाच मिनिटं नुसतं दूध. मी तेही ऐकायचे. त्या कॅसेट टपालाने कधी गेल्या नाहीत. कोणीतरी जाणारा असायचा, त्याच्या हाती द्यायच्या.

आणि इथेच आमचे हे, म्हणजे गनीसाहेब, येतात. हे बंदरावरच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली, पण एक खातं यांनी सोडलेलं नाही. कोण कधी गावी जातोय, कोणाच्या सामानात किती किलो जागा आहे, कोण खजूर नेतो आणि कोण तोंड फिरवतो, हे सगळं यांच्या डायरीत असतं. शिलाई मशीनचं डोकं, मिक्सर, गालिचे, नवरदेवाचा सूट, यांनी सगळं माणसांच्या हाती पाठवलं. कुरिअर हा शब्द काढला की यांचा चेहरा असा होतो की जणू मी शेजाऱ्यांकडे जेवायला जाऊ या म्हटलंय.

तर माझा मुलगा वकार. तो दिवसभर बँकेत आणि संध्याकाळी मोबाइलमध्ये असतो. त्याने शोधून काढलं की मुंबईत एक लॅब आहे. ती अक्कलदाढेच्या आतल्या गरातून मूळपेशी काढते, वाढवते आणि आपल्याच हिरडीत परत सोडते. मग झिजलेलं हाड म्हणे पुन्हा भरतं.

"अम्मी, तुझीच पेशी, तुझ्याच तोंडात," तो म्हणाला.

"मग इतके दिवस त्या तिथे काय करत होत्या?" मी विचारलं. त्याने पुन्हा मोबाइल उघडला.

कस्तुरीला विचारलं तर तिने खुर्ची जवळ ओढली. ही मुलगी वाईट बातमी देताना नेहमी खुर्ची ओढते. "मावशी, हे अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे. काही ठिकाणी थोडा फायदा दिसलाय, पण खात्री कोणीच देत नाही. आणि तुमच्या वयात दाढेतला गर आटलेला असतो. ही लॅब वयाची अट घालत नाही, हेच मला खटकतंय."

"म्हणजे हलणारे चार वाचवायला न हलणारी एक काढायची?"

"त्यांचं म्हणणं तसंच आहे. मी तुमच्या जागी असते तर साधे उपचार केले असते. खोल सफाई, आणि चार दात गेलेच तर कवळी."

कवळी लावलेल्या माणसाचे ओठ मी पाहिलेत. ते बोलत नाहीत, कवळी सांभाळतात. मी म्हटलं, दाढ काढ.

बातमी इमारतभर झाली. उम्म अल हस्समच्या आमच्या इमारतीत लिफ्ट बंद असते पण बातम्या जिन्याने वर जातात. तिसऱ्या मजल्यावरच्या सुनंदाताई तिळाच्या तेलाची बाटली घेऊन आल्या. "खदिजाबाई, रोज सकाळी एक चमचा तोंडात धरायचं. पंधरा मिनिटं. बोलायचं मात्र नाही."

हे सोफ्यावरून म्हणाले, "वहिनी, दोन तास धरलं तर लवकर गुण येईल काय?"

मी चार दिवस तेल धरलं. पाचव्या दिवशी दार वाजलं, उघडलं, दारात पाणीवाला, तो विचारतोय किती बाटल्या, आणि मी गाल फुगवून उभी. तो घाबरून सहा ठेवून गेला.

सुनंदाताईंचे यजमान हेमचंद्र हिशेबतपासनीस आहेत. त्यांना कुठलीही गोष्ट वाढणार म्हटलं की संशय येतो. "वहिनी, मी वाचलं. या पेशी काहीही बनू शकतात. हाड बनेल हे ठीक. पण समजा, हिरडीत भलतंच काही उगवलं तर?" सून सुमय्या हसू दाबायला स्वयंपाकघरात पळाली. नात जिकरा म्हणाली, "दादी, दॅट्स सो ग्रोस," आणि तरीही जवळ येऊन माझ्या तोंडात टॉर्च मारून बघितलं. गेल्या वर्षभरात ती माझ्या इतक्या जवळ पहिल्यांदाच आली असेल.

लॅबने एक पेटी पाठवली. पांढरी, टिफिनएवढी. आत बर्फाची पिशवी, गुलाबी पाण्याची कुपी आणि एक कागद. दाढ काढल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत पोचली पाहिजे, गोठता कामा नये, तापता कामा नये. माझ्या आयुष्यात मला इतकं कोणी जपलेलं नाही.

पण माणसाच्या शरीराचा तुकडा देशाबाहेर पाठवायचा तर परवानगी लागते. वकारच्या आग्रहाखातर आम्ही कुरिअरच्या कचेरीत गेलो. हे बरोबर आले ते मयतीला आल्यासारखे. काउंटरवरच्या तरुणाने फॉर्म पुढे केला. देणारी व्यक्ती जिवंत आहे की मयत? हे पेन धरून माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "लिहा, तूर्त जिवंत." पुढे वस्तूची किंमत. तरुण म्हणाला, "अंकल, शून्य लिहा, नाहीतर ड्यूटी लागेल." यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, व्यापारी मूल्य नाही. पंचेचाळीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याच्या हातून हे वाचायला मिळतं.

मग तो म्हणाला, पाठवणारी खदिजा, आणि शेवटी दाढ कोणासाठी? खदिजासाठी. "मग पाठवता कशाला?" हा प्रश्न रास्त होता. त्याने आम्हाला दुसऱ्या कचेरीत धाडलं, तिथून तिसऱ्या. तिथल्या बाईंनी लॅबचं पत्र वाचलं, माझ्याकडे दयेने पाहिलं आणि म्हणाल्या, "बुकरा, इंशाल्ला." उद्या, अल्लाची मर्जी असेल तर. तीन आठवडे रोज उद्याच होता. त्या बाईंचा दोष नाही. आपणच उतारवयात नको त्या खिडक्यांसमोर उभे राहतो.

इकडे चारांपैकी एक दात आडवा व्हायला लागला. अकरा वाजता आपा पडद्याला नाक लावून बघायची. "काय म्हणालीस? परत सांग." पूर्वी ती परत सांग म्हणत नसे.

बुधवारी संध्याकाळी यांनी डायरी मिटली. "मुनाफ जातोय उद्या."

मुनाफ मूळचा म्हसळ्याचा, इथे सित्रात फिटर आहे. त्याचा बाप यांच्या हाताखाली होता. सामान नेण्याच्या बाबतीत त्याच्यासारखा माणूस नाही. एकदा त्याने कोणाचा तरी पाळणा मांडीवर घेऊन प्रवास केला होता.

"अब्बा, हे असं चालत नाही," वकार म्हणाला. "परवानगी आलेली नाही."

"कुपी आहे एवढीशी. मी याच्यापेक्षा मोठ्या कपबश्या पाठवल्यात. मुंबईत लॅबचा माणूस विमानतळावर येऊ दे, मुनाफ त्याच्या हातात देईल. खलास."

मी गप्प राहिले. तेल तोंडात नव्हतं, तरी गप्प राहिले. दोष नुसता यांच्या गळ्यात घालणं बरोबर नाही.

गुरुवारी कस्तुरीने विचारलं, "परवानगी आली ना?" हे म्हणाले, "आली समजा." दाढ निघायला पाऊण तास लागला. तिला जायचं नव्हतं. मुळं हाडात वाकून धरून बसली होती. निघाली तेव्हा कस्तुरीने ती चिमट्यात धरून मला दाखवली. इतकी पांढरी, धडधाकट, की माझ्या तोंडातली वाटेचना. मला एकदम तिची माफी मागावीशी वाटली, पण जबडा बधिर होता.

घरी आल्यावर मी बर्फ धरून पडले. यांनी पेटीला खाकी चिकटपट्टी लावली, वर सुतळी बांधली, जाड पेनाने पत्ता लिहिला आणि गाठ ओढून पाहिली. मुनाफ ड्यूटीवरून थेट आला, अंगात कंपनीचा निळा डगला.

"चाची, एवढंच? मला वाटलं फ्रीज असेल."

मी हात हलवला. हे म्हणाले, सगळं वर लिहिलंय. त्याने पेटी कपाळाला लावल्यासारखी केली आणि गेला.

शुक्रवारी दुपारी लॅबचा फोन आला. दाढ मिळालेली नाही, एवढंच सांगितलं. मुनाफचा फोन बंद. शनिवारीही बंद. अठ्ठेचाळीस तास संपले तेव्हा आम्ही सगळे जेवायला बसलो होतो, आणि वकारने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला डाळ वाढली. रविवारी मुनाफचाच फोन आला. गावात लग्न होतं, डोंगराआड नेटवर्क नव्हतं. आवाज आनंदी होता.

"चाचा, पोचवलं! स्वतः गेलो. बागमांडल्याहून फेरीबोट पकडली, खाडी ओलांडली, आणि थेट आपांच्या हातात दिलं."

"कोणाच्या?" हे म्हणाले.

"रुकय्याआपांच्या. पेटीवर लिहिलंय ना. रुकय्याआपा, मशिदीमागे, बाणकोट."

यांनी फोन कानापासून जरा लांब धरला. यांच्या हाताने पंचेचाळीस वर्षं प्रत्येक पार्सलवर हाच पत्ता लिहिलाय. हाताला कोणी सांगितलंच नव्हतं.

"अरे पण विमानतळावर माणूस आला असेल ना?"

"आला होता की. पाटी घेऊन. म्हणतो, लॅबमधून आलोय, खदिजा नावाची पेटी द्या. मी म्हटलं, पेटीवर बाणकोट लिहिलंय, आणि चाचीचं सामान मी अनोळखी माणसाला देऊ काय? त्याने कागद दाखवले. मी म्हटलं, कागद काय, कोणीही छापतो. पायाला पाय लावून पळालो चाचा. आपलं सामान आहे!"

त्याला कोण रागावणार? यांनी त्याला शाबास म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते! मग बाल्कनीत जाऊन उभे राहिले. बाल्कनीत पाण्याच्या सहा बाटल्या सोडल्या तर बघण्यासारखं काही नाही.

कस्तुरीला खरं सांगावं लागलं. ती रागावली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. तिने खुर्ची ओढली. आता दुसरी अक्कलदाढ नाही, आणि असती तरी तिने काढली नसती. आडवा दात तिने त्याच दिवशी काढला. दुसरा मी घरी खुबूस खाताना गेला. खुबूस, म्हणजे जगातली सर्वांत मऊ भाकरी. उरलेले दोघे मग एकटे कशाला राहतील? पंधरा दिवसांत पुढची रांग गेली. ओठ आत बसला. मी आरशात बोलून पाहिलं. प, फ, म, सगळं एकच. नुसती फुंकर.

मी अकराचा फोन घेणं बंद केलं. वकार बँकेतून उबेदला कळवायचा, अम्मीला ताप आहे. मग अम्मी झोपलीय. मग पाहुणे आहेत. पेटीचं काय झालं विचारलं तर उबेद म्हणाला, ती दादीकडे आहे, कोणाला हात लावू देत नाही. अकरा दिवस मी स्वयंपाकघरात बसून तो फोन वाजताना ऐकला. सुमय्या भाजी चिरायची आणि वर बघायची नाही. चांगली मुलगी आहे.

बाराव्या दिवशी हेच फोन घेऊन आले आणि बटण दाबूनच माझ्या पुढ्यात धरला. "अगो, ती तिथे रोज अकरा वाजता तयार होऊन बसते. उबेद सांगतो." मी घाईने ओढणी तोंडावर घेतली.

पडद्यावर आपा. केस विंचरलेले.

"ओढणी काढ," ती म्हणाली. बहिऱ्या माणसांचा आवाज असतो तसा मोठा, सगळ्या घराला ऐकू जाणारा.

मी काढली. ती बघत राहिली. मग मी सुरुवात केली. आपा, ती दाढ तुझ्यासाठी नव्हती. चुकून आली. तिच्यातून पेशी काढायच्या होत्या. लॅबमध्ये. हिरडीसाठी. तुझ्याशी बोलता यावं म्हणून. मी हळू बोलले, जोर लावून बोलले, बोटांनी दाखवलं, थुंकी उडाली. मागून जिकरा येऊन उभी राहिली आणि तीही हातांनी दाखवायला लागली, मूळ, पेशी, वाढ, जणू रोपटं लावतोय.

आपाच्या कपाळाला आठ्या पडल्या. ती पडद्याजवळ आली, इतकी की मला फक्त तिचा एक डोळा दिसत होता.

"नुसते ओठ हलतात गो," ती म्हणाली. "काय कळत नाही."

मी थांबले.

"पण सांगू नकोस. मला समजलं ते." ती मागे सरून नीट बसली. "पेटी उघडली तेव्हाच समजलं. उबेद म्हणाला, टाकून देऊ. मी म्हटलं, अरे गाढवा, तिने एवढ्या लांबून पाठवलीय. कोण उगाच आपली दाढ पाठवतं? मौलवींना विचारलं. माणसाच्या अंगाचं काही असलं तर मातीत ठेवायचं. मग मी गेले. उबेदने हात धरला. अम्माच्या कबरीच्या पायाशी ठेवली. वर चिरा लावलाय. लहानसाच."

उबेदने पडद्यावर एक फोटो लावला. आधीच काढून ठेवलेला. लाल माती, अम्माच्या कबरीवरचं वाढलेलं गवत आणि त्याच्या टोकाला विटेच्या तुकड्याएवढा एक जांभा दगड. नवा, ताजा कापलेला. माझं त्या गावात आता जे काही होतं, ते एवढं.

हे माझ्या खांद्यावरून बघत होते.

आपा परत पडद्यावर आली. "सहा वर्षं झाली तुला येऊन," ती म्हणाली. "मला वाटलं, आता सगळी काही येत नाही, म्हणून थोडी थोडी पाठवतेय. पाठव. मी आहे तोवर ठेवीन नीट." मग तिने डोळे बारीक केले आणि माझ्या तोंडाकडे लक्ष देऊन बघायला लागली, रोज अकरा वाजता बघायची तशी. "पण बाकीची कधी येतेस?"

माझे गुडघे, यांचं हृदय, वकारची रजा, जिकराची परीक्षा, एवढं सगळं तिला ओठांनी सांगणं शक्य नव्हतं. मी एकच शब्द म्हटला.

"इंशाल्ला."

तो मात्र तिने अचूक वाचला. मान वळवली, आणि उबेदच्या हातातला फोन बाजूला सारला.